सतरा ग्रॅम

सातपूरला माझं दुकान: वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
स्प्रिंगा, सुया, सेल, झिजलेली लोखंडी मापं.
एवढ्यावर घर चालतं.
एप्रिल-मे मात्र मी
ढगांच्या मागे असतो.

गाडी इल्यास पिंजारीची. ओम्नी,
मागचं सीट काढलेलं, कांद्याचा वास कायमचा.
त्याच्या आज्यानं जन्मभर कापूस पिंजला,
म्हणून असेल, पण सिन्नरच्या अंगाला
दुपारी दीडला एक पांढरा पेळू वर सरकला
की तो माझ्याआधी ब्रेक दाबतो.
"हा फुलणार," म्हणतो.
किंवा, "हा नुसता बोलघेवडा. चल, चहा पिऊ."

एकोणीस एप्रिल. राहुडचा घाट.
रडारवर लाल ठिपका, फोनला रेंजची अर्धी काडी.
ढगाचं डोकं चपटं, लोहाराच्या ऐरणीसारखं,
ऐरणीचं टोक पार मनमाडवर.
खाली हिरवट काळोख.
तो हिरवा ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको,
न पाहिलेल्याला सांगून उपयोग नाही.

वडनेर भैरवच्या फाट्यावर वारा एकदम थांबला.
भजीवाल्यानं कढई झाकली.
मग उलटा वारा आला, बर्फाच्या वासाचा,
आणि पत्र्यावर पहिली गार.
दुसरी.
मोजायचं सोडून दिलं.
समोरच्या ओट्यावरून एक बाई
कुरडयांची खाट ओढत होती, आम्ही धावलो,
तिघांनी मिळून अर्ध्या वाचवल्या.
"हवामानवाले ना तुम्ही?" ती म्हणाली,
"मग आधी सांगायला काय झालं?"
मी म्हणालो, मी काटेवाला.
ते खरं होतं, आणि तोंड लपवणंही होतं.

सगळ्यात मोठी गार सोनाराच्या काट्यावर ठेवली:
सतरा ग्रॅम.
रुमालात, मग थर्मासात, मग घरच्या फ्रीजरात,
मटारच्या पिशवीमागे.
बायको काही म्हणाली नाही.
काही न म्हणण्याची तिची एक पद्धत आहे.

रात्री फोनवर रॉकेट बघतो.
कुठल्याही देशाचं चालतं.
त्या दिवशी उलटी गिनती चालू होती, आणि थांबली.
कारण दिलं: ढगाची ऐरण जवळ आली.
पोटभर इंधन पिऊन उभं असलेलं ते धूड
त्याच ढगाला घाबरून जागच्या जागी,
ज्याच्यामागे आम्ही दोनशेचं पेट्रोल टाकून धावतो.
खोटं का बोलू, बरं वाटलं.
मग त्या आत बसलेल्यांचं वाईटही वाटलं,
पट्टे सोडून परत जिना उतरायचा म्हणजे.

वर पोचल्यावर काट्याला काही अर्थ नाही म्हणे.
किलोभर आणि मणभर, दोन्ही तरंगतात.
तरी माणसाचं वजन घ्यावंच लागतं:
त्याला स्प्रिंगवर बसवून झुलवतात,
आणि झोक्याला लागलेला वेळ मोजतात.
म्हणजे स्प्रिंग आलीच.
म्हणजे ती ढिली होणार.
मी हे इल्यासला सांगितलं. तो म्हणाला,
"अर्ज करून टाक. गाडी मी आणतो."

मे संपताना आम्ही रामशेजच्या पायऱ्यांवर बसलो होतो.
सात बावीसला वायव्येकडून ते स्थानक आलं,
न लुकलुकता, सरळ,
कुणीतरी हातात दिवा घेऊन गच्ची ओलांडावी तसं.
सुरगाण्याच्या बाजूला क्षितिजाखाली वीज चालू होती.
"त्यांना ही दिसत असेल?" इल्यासनं विचारलं.
दिसते, मी म्हणालो. वरून. आवाजाशिवाय.

गार आता सोळा ग्रॅम आहे.
फ्रीजरात, न वितळता, ती झिजतेय.
पाणी नाही, ओल नाही. माझ्या काट्यात दोष नाही,
तीनदा तपासला.

एक मोठी चमकली.
इल्यास सवयीनं बोटं मोजू लागला,
वीस, तीस, साठ.
मी ते स्थानक सावलीत विरताना पाहत होतो.
गडगडाट आलाच नाही.
"लांब आहे," तो म्हणाला,
आणि अंधारात चावी चाचपू लागला.