ई म्हणा

बांबोळीला, दर तीन महिन्यांनी.
नाकातून दुर्बीण उतरते. डॉक्टरीण सांगते, "ई म्हणा."
शाबा म्हणतो.
फाटक्या भात्यातली ई.

याच गळ्याने माशेलच्या देवळात पावणी पुकारली
वीस वर्षं. फणस, केळ्यांचा घड, देवीचं लुगडं.
एक वार, दोन वार...
तिसऱ्याआधी मुद्दाम थांबायचा.
लोक बोली वाढवायचे.

आता पोईसुद्धा पेजेत बुडवून,
घोट घोट पाण्याबरोबर.
रात्री मी त्याची मान चाचपते,
झोपलाय असं समजून.
तो जागाच असतो.

आज दुर्बीण जरा जास्त वेळ आत.
"परत एकदा, ई."
पडद्यावर गुलाबी, ओलं, थरथरणारं काहीतरी.
मी मनात म्हटलं,
एक वार.
दोन वार.