स्वल्पविराम

आधी कानालाच कळलं.
तीन टापा वाजत होत्या, चौथी घासत होती.
कोल्स्केग्ग, सतरा वर्षांचा, काळाभोर,
हनुवटीला बोकडासारखी दाढी.
बारा शरद ऋतू आम्ही डोंगरावरून मेंढरं खाली आणली,
धुक्यात वाट बाराही वेळा त्यानंच शोधली.
मी फक्त वर बसून शिव्या देत होतो.

स्टेनवोर आली, पलीकडच्या फ्योर्डवरची जनावरांची डॉक्टर.
डावा मागचा पाय तिनं पोटाशी दुमडून धरला.
एक मिनिट. घड्याळ माझ्या हातात.
मग म्हणाली, पळव.
पहिली दहा पावलं तो पळाला नाही,
माफी मागत गेला.

"लोक याला गुडघा समजतात," ती म्हणाली, "हा घोटा आहे.
जन्मभर टाचा उचलून चालला असतास
तर तुझाही असाच झाला असता."
मी खुर्चीखाली पाय ओढून घेतले.

लॅपटॉप तिनं माझ्या खोगिरावर टेकवला.
हाडा-हाडात काळी बारीक फट असायला हवी,
ती जागोजाग पुसली होती,
आणि काठ असे, जणू कसर लागलेलं लाकूड.
"खालचे दोन सांधे एकमेकांत जुळताहेत. जुळू दे."
"म्हणजे बरा होईल?"
"दुखायचा थांबेल. सांधाच उरणार नाही तिथं."

ओर्मुर म्हणाला, कत्तलखान्याची गाडी गुरुवारी येते.
त्यात दुष्टावा नव्हता.
इथल्या हिवाळ्याला बसून खाणारं तोंड परवडत नाही.
मी त्याला कॉफी दिली, दुसऱ्यांदा दिली,
गुरुवारबद्दल काही बोललो नाही.

सुई आत गेली, तेव्हा वंगण बाहेर आलं,
दाट असायला हवं ते, पाण्यासारखं पातळ.
आल्दिस, नालबंदाची मुलगी आणि आता स्वतःच नालबंद,
हिनं खुराचं नाक आखूड केलं, नालेचा पुढचा काठ गोल केला,
म्हणाली, "पाऊल उचलताना त्याला उंबरठा लागू नये."

मग फिरवणं.
खोगीर नाही, नुसता दोर.
पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा.
रस्त्यानं सरळ जायचं, गोल वळवायचं नाही.
न फिरवलेला घोडा अडतो, कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.
फिरवणाराच अडला तर काय, ते कुणी सांगत नाही.

बर्फात मागं वळून बघायचो:
तीन ठसे स्वच्छ, चौथ्याला शेपूट.
तीन टिंबं, एक स्वल्पविराम,
तीन टिंबं, एक स्वल्पविराम,
दुधाच्या डेअरीपर्यंत न संपणारं एकच वाक्य.
हातमोजा काढून शेपूट मोजायचो. एक वीत.
जानेवारीत चार बोटं.
फेब्रुवारीत थंडी हाडात शिरली, पुन्हा वीत,
त्या रात्री मी ओर्मुरला फोन लावला
आणि तो उचलायच्या आत ठेवून दिला.

मार्च. दोन बोटं.
मग रस्ते उघडे पडले, मोजायला काही राहिलं नाही.

सप्टेंबरात सगळे डोंगरावर गेले.
तो कुंपणाशी उभा राहून खिंकाळला, दोनदाच,
मग गवतात तोंड घातलं.
मी खोगीर काढलं, त्याची धूळ झटकली, चढवलं.
नदीपर्यंतच, म्हटलं.
सपाटीवर त्यानं आपणहून रवाल धरली,
आठ पावलं, नऊ,
कपातली कॉफी हिंदकळणार नाही अशी.
मी सांगितलं नव्हतं.
अडवलंही नाही.

काल पहिला बर्फ पडला.
सवयीनं दोर घेतला, सवयीनं मागं पाहिलं.
चारही ठसे गोल, नेटके, पूर्ण.
शेजारून माझा डावा बूट
एक लांबलचक रेघ ओढत आला होता.

कोल्स्केग्ग थांबून होता, कान मागं वळवून.
अजून सहा मिनिटं बाकी होती.