ओल

सव्वीस वर्षं वाकून पाण्याचे मीटर वाचले,
नौपाड्यात, कोपरीत, वर्तकनगरच्या इमारतींमागे,
जिथे झाकण उचललं की आधी झुरळं, मग आकडे.
कंबर तेव्हा काही बोलली नाही.
बोलली निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी,
चपलेचा बंद लावताना,
डावीकडे, पट्ट्याखाली चार बोटं.

एक्स-रे म्हणाला, वयोमानाप्रमाणे.
एमआरआय म्हणाला, वयोमानाप्रमाणे, पण तीन पानांत.
डॉक्टर खांबेटे म्हणाले,
केणी, आता हाडांनाच विचारू.

पाचपाखाडीच्या एका तळघरात
रिबेका डाबरे नावाच्या मुलीने
शिशाच्या डबीतून सिरिंज काढली,
कोपराच्या खळगीत टोचली.
तीन तास थांबा काका, भरपूर पाणी प्या.
पाणी प्या, हे मला सांगतेय!
जन्मभर दुसऱ्यांनी वापरलेलं मोजलं.
त्या बाकावर पहिल्यांदा स्वतःचं:
नऊ पेले.

हाड जिथे डागडुजीत गुंतलंय
तिथे औषध जास्त जाऊन बसतं, म्हणाली.
दुखणं दिसत नाही काका, काम दिसतं.
पटलं मला.
मीटरला कुठे तहान कळते?

मग अरुंद फळी, नाकाशी आलेला कॅमेरा.
हलू नका.
चाळीस मिनिटं मी झाकणाखालचा आकडा,
आणि कोणीतरी वर वाकलेलं.

पडद्यावर मी, काजळीच्या ठिपक्यांचा.
मूत्राशय काळंभोर (तो नववा पेला),
कोपराशी सुईचा डाग,
आणि खाली, चौथ्या-पाचव्या मणक्याच्या सांध्यात
एक घट्ट ठिपका.
उजवीकडे.

दुखतंय डावीकडे, मी म्हटलं.
खांबेट्यांनी पेन गालाला लावलं.
कर्करोग दिसत नाही, जंतूंचं काही दिसत नाही,
ही झोप आज घ्या.
हा ठिपका मात्र…
ज्यांचं काहीच दुखत नाही
त्यांच्यातही सापडतो असा.

तेव्हा मी त्यांना मानपाड्याची ती सोसायटी सांगितली.
तिसऱ्या मजल्यावर जोगदंडांच्या भिंतीला ओल,
दोन वर्षं भांडण चौथ्याशी, वकिलापर्यंत गेलेलं,
आणि पाईप फुटलेला निघाला पाचव्याचा,
तोही पलीकडच्या अंगाला.
पाणी वाट मिळेल तसं जातं साहेब,
नकाशा बघून नाही.
ते हसले. मग हसायचे थांबले,
पुन्हा पडद्याकडे वळले.

उजव्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं.
लागू पडेल?
बघू, म्हणाले.
हा शब्द माझ्या ओळखीचा.
आमच्या खात्यात अर्ध्या अर्जांवर तोच शेरा असायचा.

घरी सुगंधाने माझी गादी बाहेरच्या खोलीत घातलेली.
उद्यापर्यंत नातीला मांडीवर घ्यायचं नाही.
ती दाराच्या फटीत, एक डोळा आणि अर्धी वेणी.
आबा, तू चमकतोस?
कोण म्हणालं?
आजी.

दिवा तिनेच बंद केला.
अंधारात बराच वेळ बघत राहिली.
मी हललो नाही.

मग म्हणाली,
नीट दिसत नाहीये.
उद्या परत बघू.