चॉकलेटच्या वेष्टनासाठी एक शब्द

गिऱ्हाइकाला एकच शब्द हवा होता.
चॉकलेट बहात्तर टक्के, वेष्टन जांभळं,
वर सोनेरी, किंचित तिरकं : इंडल्जन्स.
त्याच्याखाली तेवढ्याच रुंदीत बसेल असं पोलिश काहीतरी,
सोमवारी दुपारपर्यंत.

मालविना शनिवारी आजीकडे आली,
ओपोलेहून दोन बस बदलून,
तळ्यांच्या त्या गावात, जिथे म्हाताऱ्या
रागावतात जर्मनमध्ये, देवाशी बोलतात पोलिशमध्ये,
आणि कोंबड्यांना हाकलतात
दोन्हींत न मावणाऱ्या तिसऱ्याच बोलीत.

शब्दकोशात पहिलाच अर्थ निघाला : ओदपुस्त.
आजी बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून हसली.
"चॉकलेटवर ओदपुस्त?
मग आत एक शिट्टीपण घाला,
आणि टिकल्यांचं पिस्तूल."

कारण ओदपुस्त म्हणजे जुलै, धूळ, संत याकोबाचा दिवस,
चर्चच्या कुंपणाला टेकलेली पालं,
गुलाबी मॅकरून, लाल काचेच्या खड्याच्या अंगठ्या.
आणि आत, गारव्यात, गुडघ्यांवर,
पापाच्या शिक्षेत मिळणारी सूट.
आत सूट, बाहेर चैन, नाव एकच.
पोरं कुठल्या दाराकडे पळत ते सांगायला नको.

"वडील आब्लास म्हणायचे," बिबिआना म्हणाली,
"जर्मन शाळेतले ना. पण त्यांच्या तोंडी तो शब्द तळ्याचा.
ऑक्टोबरात फळी उचलली की पाणी सुटायचं,
रात्रभर सुटत राहायचं,
आणि सकाळी चिखलात कार्प, तोंडं उघडमीट करत.
पाद्री सांगायचे, आब्लास म्हणजे क्षमा.
मला वाटायचं, असेल बाई.
पाणी गेल्यावर तळाशी काय होतं ते दिसणं."

मालविनाने घड्याळ पाहिलं.
'रोस्कोश' फार बिछान्यातला वाटत होता.
'विस्मरणाचा क्षण' वेष्टनाबाहेर जात होता.

"रुफिन सहा वर्षांचा, मी नऊ.
आईने दोघांत मिळून एक नाणं दिलेलं.
त्याला पिस्तूल हवं होतं. मी अंगठी घेतली,
आणि त्याला सांगितलं, नाणं पडलं कुठेतरी.
दिवसभर तो धुळीत शोधत होता."

नोव्हेंबरात ती दरवर्षी स्मशानात जाते,
मेलेल्यांसाठी ओदपुस्त मिळवते, नियमाने,
आईसाठी, वडिलांसाठी, शेजारच्या दारुड्यासाठीसुद्धा.
पण रुफिन जिवंत आहे, गेल्सनकिर्शनमध्ये, खाणीतून निवृत्त.
आणि जिवंत माणसासाठी
दुसऱ्या कुणाला सूट आणता येत नाही.
तशी तरतूदच नाही.

म्हणून तो साठ वर्षांचा झाला तेव्हा
तिने पोस्टाने पिस्तूल पाठवलं,
टिकल्यांच्या दोन डब्यांसकट.
त्याचा फोन आला : "हे काय आहे?"
त्याला आठवत नव्हतं.
ना नाणं, ना धूळ. "कुठला ओदपुस्त?" म्हणाला.

(मी हे मराठीत लिहितो आहे,
आणि मराठीत एक क्रियापद आहे,
तिथे कुणाच्या उपयोगाचं नाही :
कर्ज फिटतं, पांग फिटतात,
हौससुद्धा फिटते.
देणं आणि मागणं, दोघांची गाठ सुटते एकाच शब्दाने.
पण सावकारच विसरला तर
काय फिटतं, कुणाचं,
ते क्रियापदालाही ठाऊक नसावं.)

सोमवारी मालविनाने तीन पर्याय पाठवले.
गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे, इंग्रजीच ठेवू,
लोकांना तेच आवडतं.

नमुन्याची वडी टेबलावर तशीच राहिली होती.
बिबिआनाने चष्मा लावून
कागदावरचं सोनेरी अक्षर न् अक्षर वाचलं,
एक तुकडा तोडला, जिभेवर ठेवला.
"कडू आहे," म्हणाली,
आणि दुसरा तोडला.