एकास सत्त्याऐंशी

खोक्यावरच्या चित्रात बर्फ होता.
छपराला एवढा उतार, की बर्फ आपण होऊन घसरावा.
दोन धुराडी, खिडक्यांखाली लाल फुलांच्या कुंड्या,
पाटीवर कुठल्याशा जर्मन गावाचं नाव.
पुतण्या म्हणाला, काका, रिटायर झालात, आता जोडत बसा.

घोरपडीतल्या दोन खोल्यांत बर्फाचं काय करू?
धुराडी कापली, भोकं पुट्टीने बुजवली,
उतार निम्मा केला,
जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून एकेक मंगलोरी कौल कातरलं.
कुंड्या तेवढ्या डबीत ठेवल्या. टाकवल्या नाहीत.
भिंतींना रेल्वेचा तो पिवळा,
ज्याला अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याच दुकानात नाव नाही.
तीन बाटल्या मिसळून आठवणीने जमवला.

तयार झालं ते इतकं कोरं,
की फीत कापायला मंत्रीच काय तो यायचा राहिलाय.

मग चहाचं कोरं पाणी, काजळी, गेरू,
टूथब्रशचे कोरडे फटकारे.
सगळीकडे सारखं मळवलं
आणि खालच्या मजल्यावरून अरुलदासना बोलावलं.
छत्तीस वर्षं पॉइंट्समन, दौंडपासून मिरजेपर्यंत.
चष्मा कपाळावर चढवून ते वाकले, बराच वेळ.
"हे जुनं नाही झालं," म्हणाले, "हे नुसतं घाण झालं."

पाऊस कुठून येतो तुमच्या गावात?

गावाचा मी विचारच केला नव्हता.

पश्चिमेकडून येतो. मग शेवाळ या भिंतीला.
गंज खिळ्याखाली ओघळतो, खिळ्यावर नाही.
इंजिन उभं राहतं तेवढाच पत्रा काळा,
अख्खं छप्पर का काळं केलंत?
बाकामागे भिंतीवर डोक्यांच्या तेलाचा पट्टा पाहिजे,
बाकाखाली पोरांच्या टाचा.
पानाची पिचकारी कोपऱ्यातच.
थुंकणाऱ्यालाही शिस्त असते.
आणि मास्तरच्या दाराला इथे, कमरेपाशी, रंग उडालेला.
का?
एका हातात कंदील, दुसऱ्यात झेंड्या. दार कशाने ढकलणार?

सगळं थिनरने धुतलं.

तिकीटखिडकीचा कठडा मात्र मी न विचारता झिजवला,
उजवीकडे जरा जास्त.
बँकेत एकतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो,
हात कुठे टेकतात ते मला ठाऊक आहे.
तेलाचा पट्टा फलाटापासून चौदा मिलिमीटरवर,
दातकोरणीच्या टोकाने.
तीन महिने गेले, दिवाळीही त्यातच.

एका संध्याकाळी अरुलदासनी ब्रश मागितला.
हात कापत होता.
फलाटाच्या अगदी टोकाला, जिथे काहीच नाही,
त्यांनी चुन्याचा एक ठिपका ठेवला
आणि ब्रश धुऊन परत दिला.
मी विचारलं नाही. अजूनही नाही.

आता रोज सकाळी
कानाच्या रबरी पिचकारीने त्यावर फुंकर मारतो.
खऱ्या धुळीचा एक कण इथे हरभऱ्याएवढा दिसतो.
खरी धूळ उडवायची, खोटी जपायची.
बायको म्हणते, एवढी निगा घराची राखली असतीत तर.

मागच्या रुळांवरून रात्री मालगाडी जाते,
कपाटातल्या बरण्या बोलतात, स्टेशनही थरथरतं.
परवा पाहिलं तर पश्चिमेच्या अंगाचं एक कौल
मिलिमीटरभर सरकलेलं.
म्हणजे तिकडची चार बोटं.
जूनमध्ये नेमकं मास्तरच्या टेबलावर गळणार.

फेव्हिकॉल उघडून बसलो होतो,
तेवढ्यात अरुलदास आले, वाकून बघितलं,
झाकण त्यांनीच परत लावलं.
"असं कसं चिकटवता?
आधी अर्ज करा.
दोन वर्षं लागतात."