दुसरी वेलांटी

वलांडीवर बोंबील घालतात
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने.
त्याला म्हणतात वाळत घालणं.
मधे एक दुसरी वेलांटी आली
की तिथे माणसं येतात.
मग क्रियापदही बदलतं:
माणसं घालत नाहीत, टाकतात.

बाबांनी बंदरावरच्या साहेबाला
रात्री दिवे सोडून मासळी मारणाऱ्या
होडीचं नाव सांगितलं.
शनिवारी देवळात बैठक झाली.
आम्हाला बोलावणं नव्हतं.

रविवारी बर्फवाला म्हणाला, मशीन बंद आहे.
मशीन त्याच्या पाठीमागे घरघरत होतं.
गिरणीत आईचा डबा
संध्याकाळपर्यंत रांगेत पहिलाच राहिला.
लिलावात आमच्या टोपलीपाशी
सगळ्यांना एकदम खोकला यायचा.
होडी वर ओढायला आठ माणसं लागतात.
आम्ही चौघं. त्यात शेवंती सहा वर्षांची,
ती नुसतीच ओरडायची, होऽऽ.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणाशी आली,
ढोल जरा जोरात वाजला
आणि पुढे गेला.

कावळ्यांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं.
ते आधीसारखेच वलांडीवर उतरायचे.
आईने त्यांना हाकलणं सोडून दिलं.

"कायदा आहे ना," हवालदार म्हणाला,
"शब्द सांगा. कोण बोललं, काय बोललं,
जसंच्या तसं."
बाबा खूप वेळ आठवत बसले.
पंख्याखाली कागद फडफडत होता.
"कुणीच काही बोललं नाही," बाबा म्हणाले,
"तेच सांगायला आलोय."
हवालदाराने पेनाला टोपण लावलं.

परतताना आई भागीरथी पावशेच्या दाराशी थांबली.
भागीने नवरा बुडाल्यावर वर्षाच्या आत
दुसरा केला होता.
मी तेव्हा चौथीत.
तिच्या घरावरून जाताना आई
माझी हनुवटी धरून तोंड समुद्राकडे फिरवायची,
"ते बघ, गलबत."
मी बघायचे. शाळेत जाताना, येताना,
पुढे पुढे तर आईने न सांगताही.

भागी कधीच उरणला गेली.
वलांडीचे बांबू अजून उभे आहेत, रिकामे.
आईने दारावरचं कुलूप हातात घेतलं,
गंज बोटांना लागला, तो पदराला पुसला.

"गलबत नव्हतं गं कधी," ती म्हणाली.

मला माहीत होतं.