नाक एकाच बाजूला

कुराबायाशींच्या दुकानात स्टोव्हवर किटली
आणि भिंतीला टेकून अकरा फळ्या उभ्या.
एकीला पाकोळीची शेपूट.
एकीचं नाक इतकं रुंद
की त्यावर अख्खा सॅमन कापावा.

मी थेट पाळीवरून आलेले.
रात्री दोनपासून गावचा रस्ता उपसत होते,
बर्फाच्या नांगराची थरथर
अजून मनगटांत.

काय हवंय, म्हणाला.
म्हटलं, दोन्ही.
भूर्जांच्या मधल्या कमरेइतक्या भुशीत
तरंगायला हवी,
आणि सकाळी आठला, उतार नुकता विंचरलेला असतो तेव्हा,
धारेवर उभी राहायला हवी,
रेघ ओढत, न घसरता.

हसला नाही तो.
दोन्ही मागणारे पुष्कळ येतात, म्हणाला,
एक ना धड असलं काहीतरी घेऊन जातात.
मग खाली बसून माझा बूट मोजला.
साडेचोवीस.
कंबर पंचवीसची लागेल.
(तुमची नव्हे, फळीची.
हा विनोद तो वीस वर्षं करत असावा.)
कंबर अरुंद, तर वळणात बोटं बर्फाला घासतात
आणि धार सुटते.
फार रुंद, तर फळी कुशीवर यायलाच उशीर करते,
सकाळी उठवलेल्या मुलीसारखी.

त्यानं एक आडवी धरली, मधोमध तळवा दाबला.
पायांखाली कमान, दाबली की उसळणारी.
नाकाशी मात्र आधीपासूनच उचललेली,
भुशीत बुडू नये म्हणून.
शेपूट आखूड, ताठ.
एकशे चोपन्न.
रंग कसलासा, ओल्या शिंपल्याचा.

मग विचारलं,
उलटी जाता का कधी? शेपूट पुढे करून?

किटली तेवढी बोलत होती.

माझी जुनी फळी दोन्हीकडून सारखी.
तिला पुढे नाही, मागे नाही.
नऊ हिवाळे मी दरीकडे पाठ करून उतरले,
त्सुमुगीचे दोन्ही हातमोजे माझ्या हातांत,
पान उतरतं तशा आम्ही,
थोडं डावीकडे, थांबून, थोडं उजवीकडे.
पाठीमागे काय आहे ते मी वळून बघायचे नाही.
खांब आला की तिचे डोळे मोठे व्हायचे,
त्यावरून कळायचं.

आता ती फुकुओकात.
तिथे मुठीएवढा बर्फ पडला
तरी फोटो पाठवते.

नाही, म्हटलं.
आणि थोड्या वेळानं, त्यानं विचारलं नव्हतं तरी,
आता नाही.

त्यानं बाइंडिंग दोन सेंटीमीटर मागे सरकवले,
स्क्रू दातांत धरून म्हणाला,
पहिल्या दिवशी मागची मांडी पेटेल.
पैसे तीन हप्त्यांत.
जुनी देता का बदल्यात?
नाही. ती शेडमध्ये आहे,
मुळे सुकवायला घातलेत तिच्यावर.

रविवारी आठला पहिली लिफ्ट.
कुशीवर घातली, आणि ती गेली,
खरंच गेली, टाचेपासून पंजापर्यंत
एक पेन्सिलीची रेघ,
मला वाटलं नव्हतं माझ्यात एवढा वेग उरलाय.
मग झाडांत. नाक वर, गुडघ्यांवर भुशी,
आवाज बंद.

खालच्या वळणाशी, जिथं ती नेहमी दमायची,
खांदे आपोआप वर वळले.
वर कोणी येतंय का बघायला.
शेपूट आखूड. तिनं ऐकलं नाही.
धाडकन पडले, कॉलरात बर्फ, तोंडात बर्फ.
लिफ्टवरून कुणीतरी ओरडलं, ठीक आहात ना?
हात वर केला.

पडल्याचा खड्डा चांगला खोल होता.
त्यात बसून मी चष्मा पुसला,
दोनदा पुसला,
आणि फळीचं नाक
हातानं धरून
खाली वळवलं.